जाड टिपरू, बारीक छडी

रांगेलकाकांनी आपल्या आजाराचं निदान डॉक्टरांच्या आधी केलं होतं, तेही माझ्या औषधांच्या दुकानात उभं राहून. काउंटरच्या लाकडावर दोन बोटांनी त्यांनी वाजवून दाखवलं.

"ही लग्नातल्या नाचाची चाल, रचेनित्सा. दोन, दोन, तीन. लंगडी चाल, पण वाट ठाऊक असलेली. आणि हे माझ्या छातीतलं ऐक." आता बोटं कशीही पडत होती. पुढचा ठोका कधी येईल याचा काही नेमच नाही. "पन्नास वर्षं तपानचा ढोल बडवतोय, पोरी. असला ताल धरला असता तर लग्नातून हाकलून दिलं असतं मला."

फार्मसीची पदवी घेऊन मी आमच्या गावी, रझलोगला परतले त्याला वर्षही झालं नव्हतं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अशी थरथर मी आलेखावर पाहिली होती. कुणी बोटांनी वाजवलेली कधी ऐकली नव्हती. आठवड्यानं कार्डिओग्राममध्ये नेमकं तेच निघालं.

डॉक्टरांनी रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीबरोबर आणखी दोन दिल्या: प्रोपाफेनोन आणि मेटोप्रोलोल. पहिलीचं मला फार कौतुक. हृदयाच्या पेशींना सोडियम आत घेणारी सूक्ष्म दारं असतात. ती उघडत गेली की विजेची लाट पुढे सरकते. ही गोळी त्या दारांना अडसर लावते. लाटा मंदावतात आणि भरकटलेल्या बहुतेक लाटा विझून जातात. गव्हाच्या चार दाण्यांएवढी गोळी, आणि एवढं काम!

काकांना मात्र कौतुक नव्हतं. "तोंडात सदा लोखंड. हिच्या हातची चीज भरलेली बानित्सासुद्धा खिळ्यासारखी लागते."

"माझ्या हाताला नावं ठेवायला गोळी कशाला हवी तुम्हाला?" शेजारी उभ्या त्यांच्या बायको, गिनाकाकू म्हणाल्या.

दुसऱ्या गोळीनं बोटं गार पडत आणि दंड जड होत. खरी धास्ती तिचीच होती. नातीचं, रादोस्तिनाचं लग्न रविवारवर आलं होतं. तपान वाजल्याशिवाय आमच्याकडे नवरी उंबरठा ओलांडत नाही, आणि त्या घरातली प्रत्येक मुलगी काकांच्याच तालावर बाहेर पडली होती.

मंगळवारी दुपारी ते दारातूनच ओरडले, "जमलं!" ओठ पांढरे, कपाळावर घाम. एक हात गळ्याच्या नाडीवर ठेवून दुसऱ्यानं त्यांनी काउंटर वाजवायला घेतलं. सरळ, एकसारखं, सुईच्या टाक्यांसारखं. "ऐक. एक ठोका इकडचा तिकडे नाही!"

"नुसतं मिरवणं चाललंय," मागून काकू म्हणाल्या. "चार पायऱ्या चढताना दोनदा बसले. म्हणे ऊन लागलं."

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत मोजलं. पंधरा सेकंदांत बावन्न. मिनिटाला दोनशे आठ.

"काका, खाली बसा. कुठली गोळी सोडलीत?"

त्यांनी बायकोकडे चोरून पाहिलं. "ती, हात गार करणारी. रविवारपुरतीच. ताल नीट करणारी घेतोय की!"

चूक होती, पण ती तपानवाल्यालाच शोभणारी होती. त्यांच्या कानाला ताल सम असला की पुरे. वेग आयुष्यभर त्यांच्याच हातात होता, मग त्याला ते कसले भिणार!

मी अॅम्ब्युलन्सला फोन केला. ती येईपर्यंत ते गुरकावत राहिले, "सरळ चाललंय ना? मग?"

"तपान एका हातानं वाजतो का?"

"भलतंच काय विचारतेस? बारीक छडी भरणा करते, जाड टिपरू चाल धरतं."

"तुम्ही टिपरू टाकून दिलंत. वरचे कप्पे थरथरत होते तेव्हा वरच्या-खालच्या कप्प्यांमधला पहारेकरी त्या गर्दीतून थोड्याच ठोक्यांना खाली सोडायचा. पहिल्या गोळीनं ती गर्दी मंदावून तिची रांग केली, मिनिटाला दोनशेची. रांग दिसली की तो सगळ्यांना आत घेतो. त्याचा हात धरून ठेवणारी गोळी तुम्ही कपाटात ठेवलीत."

त्यांनी मांडीवर दोन-चार ठोके वाजवून पाहिले. मग क्षीण आवाजात म्हणाले, "म्हणजे वरचं सावकाश झालं म्हणून खालचं पळालं?"

माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना हे परीक्षेपर्यंत कळलं नव्हतं.

हॉस्पिटलात त्यांना क्षणभर झोपवून विजेचा झटका दिला आणि ठोके ताळ्यावर आले. दोन दिवसांनी घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं: दोन्ही गोळ्या चालू, आणि लग्नात एकच नाच वाजवायचा, तोही बसून, सावकाश.

रविवारी अंगणात खुर्ची टाकली होती. तपान काकांच्या मांडीवर, टिपरू उजव्या हातात. सनईवाल्यानं पहिली फेक घेतली आणि थांबला. "रांगेल, नवरी काढतोयस की बैल वळवतोयस?"

"माझ्या जाड हातामागं ये. आज तोच मालक आहे."

दोन, दोन, तीन. एवढी संथ रचेनित्सा मी कधी ऐकली नव्हती. रादोस्तिनानं उंबरठा ओलांडला. मग भिंतीकडेच्या बाकावरच्या म्हाताऱ्या, ज्यांना हल्लीच्या वेगात पाऊल टाकता येत नसे, एकेक करून उठल्या आणि नाचाच्या रांगेत शिरल्या. सर्वांत पुढे गिनाकाकू.

नाच संपताच काकांनी टिपरू खाली ठेवून हात पसरला. काकूंनी धापा टाकत त्यावर दोन गोळ्या आणि बानित्साचा तुकडा ठेवला.

"अजून लोखंडच," ते चावत म्हणाले, आणि तुकडा संपवला.