पायलच्या आतड्यातला बिऱ्हाडकरू

रामराम मंडळी! मी पायलच्या आतड्यातला एक जिवाणू बोलतोय. नाक मुरडू नका. तुमच्याही पोटात माझे भाऊबंद बसलेत, तुम्ही त्यांची कधी विचारपूस केली नाही एवढंच.

पायल दीड वर्षाची. घर नाशिकजवळच्या एका वस्तीत. जन्मताना आईकडून, उज्वलाकडून, मी तिच्यात आलो आणि आईच्या दुधावर आमचं कुळ वाढलं. माझा धंदा सरळ आहे. पोरीला जे पचत नाही ते मी खातो आणि त्या बदल्यात तिच्या अंगाला वाढीचा निरोप धाडतो. पण वरून माल आला तर!

माल अडवला तिच्या आजीनं, धोंडाबाईनं. अंगणवाडीतून पोरीसाठी डाळ-शेंगदाण्याच्या पिठाचं पाकीट यायचं. आजी ते शेळीच्या घमेल्यात ओतायची. "सरकारी पीठ लेकराला बाधतं," म्हणायची आणि चहात बुडवलेलं बिस्कीट भरवायची. शेळी टुमटुमीत झाली. पोरीच्या फासळ्या मोजून घ्याव्यात!

आमच्या आळीत मग भलतेच गुंड जिवाणू शिरले. आतड्याची भिंत सुजली, पोरीला जुलाब लागले. पायलच्या बापाला मागे ताप आला होता. त्याच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आजीनं फळीवरून काढल्या आणि अर्धी कुटून मधातून चाटवली. त्या दुपारी माझे लाखो भाऊ मेले. गुंडांतले बरेच तरले. वा रे तुमचं घरगुती औषध!

वजनाच्या दिवशी अंगणवाडीच्या तेजलताईंनी पायलला काट्यावर ठेवलं. सात किलोसुद्धा भरेना. दंडाचा घेर मोजायची पट्टी लावली, ती लाल रंगावर, म्हणजे धोक्यावर थांबली.

"आजच दवाखान्यात न्या," ताई म्हणाल्या. "पाकीट खाते ना ही?"

"आमच्या आत्याला इचारा," उज्वला सासूकडे बोट दाखवत बोलली.

धोंडाबाई भडकली. "पाच लेकरं वाढवली म्या! तू मला शिकवती व्हय गं?"

"झाली तर सात व्हती ना, आत्या? मग पाचच कशी वाढली?"

आजीनं पदर तोंडाला लावला आणि पायलला उचलून सगळ्यांच्या आधी दवाखान्याची वाट धरली.

पंधरा दिवसांनी पोर घरी आली. आता दवाखान्यानं सांगितल्याप्रमाणे आजी स्वतः पाकीट फोडते, लापशी मऊ शिजवते. काल तिसऱ्या चमच्याला पायलनं सगळं बाहेर काढलं.

"ऱ्हाऊ द्या आत्या, नाय खायची ती."

"ऱ्हाऊ कसं द्यायचं?" म्हणत म्हातारीनं तिचं तोंड पुसलं, दम घेतला आणि पुन्हा चमचा भरला.

आम्ही मोजकेच उरलोय. पोरीची मागे पडलेली उंची भरून काढू की नाही, याची हमी देत नाही. माझा राग अजून गेलेला नाही. पण मंडळी, मला हात जोडत बसू नका. तो चौथा चमचा पोटात राहिलाय, आणि मी कामाला लागलोय.