पावतीमागे पावती

चांगह्वा शहरात क्वो शू-चेन नावाची बाई होती. काटकसरीत तिचा हात कुणी धरू शकत नसे. तैवानमध्ये दुकानाच्या प्रत्येक पावतीवर सरकारी सोडतीचा नंबर असतो. एकदा भाजी निवडता निवडता तिच्या मनात आलं, पाच वस्तूंची एकच पावती घ्यायची म्हणजे चार बक्षिसांवर पाणी सोडणंच की!

दुसऱ्या दिवसापासून ती एकेक वस्तू घेऊ लागली. कोपऱ्यावरच्या दुकानातून अंडं घ्यायचं, पावती घ्यायची, पुन्हा रांगेच्या शेपटाला उभं राहायचं, मग टोफू. तिचा नवरा युंग-फू मोज्यांच्या कारखान्यातून निवृत्त झालेला, घरीच असायचा. त्याच्या पुढ्यात दुपारी भात आला, चहाच्या वेळेला टोफू, आणि सोया सॉस आला तेव्हा तो हात धुऊन बसला होता.

"अगं, हे जेवण आहे की हप्ते?"

"पोटात गेल्यावर एकच होतंय ना सगळं? मग कुरकुर कसली!"

युक्ती गल्लीभर झाली. रांग दुकानातून बाहेर पडली, न्हाव्याच्या दारावरून गेली आणि देवळाला वळसा घालून परत फिरली. लोक घरून स्टुलं आणू लागले. कुणी शेंगा सोलायचं, कुणी नातवाकडून पाढे म्हणून घ्यायचं. एक लग्नही तिथेच जुळलं, आणि दोन्हीकडची माणसं तिथेच उभी असल्यामुळे कुणाला निरोप धाडावा लागला नाही.

शेवटी युंग-फूचं डोकं सणकलं. बायकोला ओढून आणायला तो तरातरा निघाला, तर रांगेतून आरडाओरडा झाला.

"ओ काका, मध्ये कुठे घुसताय? मागे व्हा!"

"मला काही घ्यायचं नाही, बायको न्यायचीय!"

"तीपण रांगेनेच मिळेल!"

बिचारा मागे जाऊन उभा राहिला. तो गल्ल्याशी पोचेपर्यंत शू-चेन पावती घेऊन पुन्हा शेपटाला गेली होती. रिकाम्या हाताने परतायची लाज वाटली म्हणून त्याने दातकोरण्यांची डबी घेतली आणि तोही मागे गेला. देवळापाशी रांग वळायची तिथे पुढची-मागची माणसं समोरासमोर येत. तिथेच दोघांची गाठ पडली.

"गुडघा दुखतोय का गं?"

"इतक्या वर्षांत आज विचारलंत!"

दुसऱ्या दिवशी तो भांडायला म्हणून नाही, तसाच गेला. मग रोजच जाऊ लागला. सोडतीत तिला दोनशे तैवानी डॉलर लागले, तेव्हा तिने अख्ख्या गल्लीदेखत त्याला मिठी मारली.

इकडे दुकानाचा मॅनेजर पार टेकीला आला होता. त्याने हात जोडले. "मावशी, एकाच फेरीत सगळं घ्या. प्रत्येक वस्तूची वेगळी पावती देतो. पण मला सोडा!"

रांग एका दिवसात विरली. शू-चेन सकाळीच पिशवीभर सामान आणि मूठभर पावत्या घेऊन घरी आली. जेवण वेळेवर झालं. मग दोघं टेबलाशी समोरासमोर बसली. पंखा फिरत होता. बोलायला काही सुचेना.

"साखर आहे का घरात?" युंग-फूने विचारलं.

"आहे."

"मीठ?"

"तेही आहे."

तो उठून चपला घालू लागला. "स्टेशनाजवळच्या दुकानात जाऊ या. तिथली पोरगी फार हळू पावती करते म्हणतात."

शू-चेनने लगेच दोन स्टुलं उचलली.