सासूकडे बघायचं नाही

“सासूकडे बघू नकोस! समोर बघ, समोर!”

सर मैदानाच्या कडेने ओरडत पळत होते. चष्मिस पोरीने मान वर केली आणि तिची सासू टप्पे खात थेट गटारात गेली.

सासू म्हणजे चेंडू. बास्केटबॉलमध्ये चेंडू आपटत पळायचं, पण त्याच्याकडे बघायचं नाही, हे सर पोरींना घसा सुकेपर्यंत सांगून थकले होते. पोरी बघायच्याच. नाहीतर आज्ञाधारकपणे डोळे मिटून खांबावर आदळायच्या. शेवटी सर वैतागले.

“अगं, तुमच्या आया स्वयंपाकघरात सासूकडे बघत बसतात का? नाही ना? पण सासू कुठे उभी आहे, कुठे वळली, हे पाठ फिरवूनही कळतं की नाही? तसं!”

पोरींच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या दिवसापासून चेंडूचं नाव सासू पडलं, आणि हळूहळू अख्खा संघ खरंच न बघता पळायला लागला.

घोडं अडलं होतं ते मुख्याध्यापिकाबाईंपाशी. त्यांना हे मैदान स्कूटर लावायला हवं होतं. “शनिवारी पालकांसमोर काय ते दाखवा. दम दिसला तर ठेवू, नाहीतर स्कूटरसाठी पट्टे मारून घेऊ.”

सरांना दुसरं काहीच येत नव्हतं. लग्न ठरताना सासूबाईंनी विचारलं होतं, “काय करता आपण?”

“चेंडू आपटायला शिकवतो.”

“बरं. आणि पोटापाण्याला?”

शनिवारी सरांनी पोरींना बजावलं, “आज तो शब्द तोंडातून काढायचा नाही. चेंडू म्हणायचं. काय?”

“चेंडू, सर!”

सर समाधानाने वळले, तर पहिल्या रांगेत मांडीवर पिशवी घेऊन त्यांच्या सासूबाई! “घरी बसून कंटाळा आला,” त्या म्हणाल्या. “म्हटलं, जावईबापू दिवसभर काय आपटतात ते तरी बघू.”

शिट्टी वाजली. सुरुवात झकास झाली. मग लंबूच्या हातून चेंडू निसटला आणि सवयीने ती किंचाळली, “सासू सुटली! धरा!”

झालं. बांधच फुटला.

“थोपटतेस काय? आपट सासूला!”

“डाव्या हातानं दाब!”

“माझी सासू घे, तुझी मला दे!”

पालकांतल्या सुना पदरात, ओढणीत तोंड खुपसून गदगदा हसत होत्या. सासवा काठी गिळल्यासारख्या ताठ. मुख्याध्यापिकाबाईंच्या घरी नुकतीच सून आली होती. त्या लालबुंद होऊन उठल्या. “सर! हे काय शिकवता मुलींना?”

सर शिट्टी तोंडात धरून पुढे धावले. तेवढ्यात गुडघ्यांवर हात टेकत सासूबाई उभ्या राहिल्या.

“जावईबापू, त्या बुटकीला सांगा. सासू फार वर येतेय तिची. सासूला कमरेच्या वर येऊच द्यायचं नसतं. आम्हीही सुना होतो.”

अख्खं मैदान खो खो हसलं. ताठ बसलेल्या सासवासुद्धा. बुटकीने चेंडू खाली दाबला, मान ताठ ठेवून तिघींना चकवलं आणि टोपलीत टाकला.

इतक्या टाळ्यांपुढे मुख्याध्यापिकाबाईंना नाही म्हणवेना. हो म्हणायचीही त्यांना सवय नव्हती. “निम्मं ठेवा,” त्या म्हणाल्या. “निम्म्यावर स्कूटर.”

पोरी नाचत घरी गेल्या. सर सासूबाईंना घेऊन निघाले तेव्हा शिपाई पलीकडच्या खांबावर चढून टोपलीची जाळी सोडत होता. रंगाचा डबा आधीच आणलेला होता.

फाटकाच्या पायऱ्या उतरता उतरता सर तिकडे बघत थांबले. मागे सासूबाईही पहिल्या पायरीवर अडखळल्या; गुडघा वळत नव्हता. कुणाला हाक मारणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

सरांची नजर जाळीवरच होती. मान न वळवता त्यांनी हात मागे केला, बरोबर तिथेच, कमरेच्या उंचीवर. सासूबाईंनीही त्यांच्याकडे न बघता तो धरला आणि एक पायरी उतरल्या.