चाळिसाव्या दिवसाची इंजेरा

वुबित सकाळपासून कोणाशी धड बोलत नव्हती. वस्तीतले तेकळे वारले त्याला आज चाळीस दिवस, त्यांचा चाळिसावा. चर्चच्या हॉलमध्ये दीडशे पानं उठायची होती, त्यांना लागणारी इंजेरा, आंबवलेल्या पिठाची मोठी मऊ धिरडी, वुबितच्या दुकानातून जायची होती आणि इथिओपियन मंडळाचे वडीलधारे प्रमुख, गाशे देम्से, तोंडावरच म्हणाले होते, "वुबित, आजची इंजेरा बघू. मग पुढच्या जेवणावळींची कामं कोणाला द्यायची ते ठरवू."

वुबित नाही तर दुसरी कोण ते साऱ्या सिल्व्हर स्प्रिंगला ठाऊक होतं. समोरच्या दुकानातल्या लियाकडे रोज विमानाने मायदेशातून, अदिसहून, इंजेरा यायची, निव्वळ तेफच्या, तिकडच्या बारीक धान्याच्या पिठाची. तीस वर्षांपूर्वी इथे अमेरिकेत तेफ औषधालाही मिळत नव्हतं. तेव्हा वुबितने मैद्यात जवाचं पीठ कालवून आंबवलं आणि अख्ख्या वस्तीला जेवू घातलं. आता तीच माणसं म्हणत, "तुमची आपली वेळ भागवायला होती हो. खरी ही." ते तिच्या जिव्हारी लागलं होतं.

म्हणून या खेपेला तिने मैद्याला हातच लावला नाही. महागडं तेफ आणलं, तीन दिवस आंबवलं. करडी, आंबट, जाळीदार इंजेरा उतरली. कोणाला नाव ठेवायला जागा नव्हती.

देम्सेंनी तुकडा मसुरीच्या रश्शात बुडवला. ते चावत राहिले आणि वुबित शालीआड बोटं चुरगाळत उभी राहिली. "आता कशी जमली," ते म्हणाले. तिचा जीव भांड्यात पडला.

मग रीतीप्रमाणे ती तेकळेंच्या बायकोला, असेगेदेचला, घास भरवायला गेली. असेगेदेचने तोंड उघडलं, दोनदा चावलं आणि थांबली.

"लियाकडून आणलीस?"

"नाही. माझीच."

"तुझी नाही ही. शेवटी शेवटी यांना काही जात नव्हतं. तुझ्या इंजेराचा तुकडा तेवढा मागायचे. आज त्यांच्या नावाने जेवायचं, ते हे?"

"अगं, खरी हीच," देम्से मधे पडले.

"गाशे, मग तीस वर्षं आमच्या घरात काय खोटी होती?"

देम्सेंनी हातातला तुकडा ताटात ठेवला.

"दुकानात कालची एखादी असेल बघ," असेगेदेच हळूच म्हणाली.

"नाही गं. मैद्याची या खेपेला घातलीच नाही." वुबितला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "लाज वाटली मला तिची."

असेगेदेचने पुढ्यातलं ताट दूर सरकवलं. पुढची कामं वुबितलाच मिळाली, पण नवऱ्याच्या चाळिसाव्याला असेगेदेच उपाशी उठली.