हिमनदीवर नेलेली डबी

बाळ सांभाळायला शिवबाईला कामावर ठेवलं त्याच दिवशी मथुरानं तिला कमरेची पिशवी उलटी करायला लावली होती. सुपारी, चुनाळं आणि एक चपटी पितळी डबी निघाली. डबीत बाळगोळ्या होत्या. शिवबाई सोलापुरात गिरणीत काम केलेली बाई. तिथल्या आया पाळीला जाताना तान्ह्या पोरांना अफूची गोळी चाटवतात, म्हणजे भोंगा होईपर्यंत पोर निजून राहतं, हे मथुराला ठाऊक होतं. महिला मंडळाच्या शिशुसप्ताहात तिनंच त्यावर भाषण केलं होतं. 'स्वतःच्या सोयीसाठी पोटच्या पोराला विष देणारी आई' हे त्यातले शब्द. टाळ्या चांगल्या पडल्या होत्या.

शिवबाईनं डबी देताना कुरकुर केली नाही. गिरणीत पोर कडंवर घेऊन कुणी उभं ऱ्हाऊ देत न्हाय की, एवढंच म्हणाली. डबी फेकून देते असं मथुरानं सांगितलं आणि ती आपल्या फणीच्या पेटीत ठेवली. फेकायची राहून गेली, असं ती स्वतःला सांगत असे. एरवी तिच्या हातून काही राहत नसे. तिचा तान्हा महीपती निजला की त्याचा श्वास चालू आहे ना, हे ती नाकापुढं बोट धरून बघे. दूध उकळलं की नाही ते पातेल्याच्या काठावरून ओळखे.

उन्हाळ्यात काश्मीरला जायचं ठरलं ते डॉक्टर मान्यांमुळं. हिंदुराव, म्हणजे मथुराचे यजमान, सोलापूरच्या कोर्टात वकील. डॉक्टर त्यांचे शाळेपासूनचे दोस्त. डॉक्टरांनी सोनमर्गच्या वरच्या हिमनदीवर वाटाड्या घेऊन चालायचा बेत काढला, तेव्हा मथुराला आपला कॉलेजातला निबंध आठवला. हिमनदी कशी तयार होते यावर लिहिलेला, बक्षीस मिळालेला. जिच्या गावाला उन्हाळ्यात साधी नदीसुद्धा धड दिसत नाही, तिनं तो कशाच्या जोरावर लिहिला होता कोण जाणे. मलाही यायचंय, असं ती म्हणाली. महीपतीला दात येत होते, तो अंगावरून उतरत नव्हता, म्हणून शिवबाईलाही बरोबर घेतलं.

आगगाडीत महीपती इतका रडला, की समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी त्याची आई कोण आहे म्हणून विचारलं. मथुरा त्याला आणि फणीची पेटी घेऊन डब्यातल्या न्हाणीत गेली. नखानं खरवडून गोळीचा एक कण तिनं त्याच्या जिभेला लावला. मूल झोपलं. पुढचा सगळा प्रवास ती त्याच्या छातीकडं बघत बसली. आज लई शाना झालाय, असं शिवबाई म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

सोनमर्गला तंबू ठोकले. वाटाड्या अहदू नावाचा, पिकल्या दाढीचा. त्याची उर्दू मथुराला निम्मीच कळे. शिवबाईला मात्र सोलापुरातल्या शेजाऱ्यांमुळं दखनी उर्दू येत होती. तिचं आणि अहदूचं झकास जमलं. तो सांगे आणि ती सगळ्यांना समजावून देई: कातडी बूट काढा, गवताची पायताणं बांधा, म्होरल्याचा पाय पडंल तितंच पाय टाका.

पहिल्या दिवशी बर्फाच्या काठापर्यंतच जाणं झालं. मथुराच्या कमरेला दोर बांधताना पाहून महीपतीनं असा आकांत केला, की ती दोर सोडून मागं फिरली. ती फिरली म्हणून हिंदुरावही फिरले. संध्याकाळी डॉक्टर चहा पिता पिता म्हणाले, "वहिनी, तुमचा निबंध बर्फापर्यंत आला, तुम्ही मात्र काठावर राहिलात." सगळे हसले. हिंदुरावही हसले. मथुरा हसली, पण तिला ते लागलं.

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी तिनं तंबूत जाऊन पेटी उघडली. कण पुरला नाही तर काल झालं तेच पुन्हा होईल, असं वाटून तिनं आख्खी गोळी दुधात विरघळवली. बाटली स्वतःच पाजली.

काठावर पोचेपर्यंत महीपती शिवबाईच्या खांद्यावर मान टाकून निजला होता. वाऱ्याच्या आडोशाला मोठ्या दगडामागं घोंगडी अंथरून शिवबाई त्याला घेऊन बसली. मथुरानं दोर बांधून घेतला.

हिमनदी निबंधातल्यासारखी पांढरीशुभ्र नव्हती. वरून मातकट, दगडगोट्यांनी माखलेली, मळक्या धोतरासारखी. पण अहदूनं कुऱ्हाडीनं पायरी खणली, की आतून हिरवानिळा, फुटलेल्या काचेसारखा बर्फ उघडा पडे. पायांखाली कुठंतरी पाणी धावत होतं. एका भेगेपाशी अहदूनं सगळ्यांना थांबवलं, आत दगड टाकला आणि कान देऊन ऐका म्हणून खूण केली. दगड आपटत आपटत खाली गेला, आणि मग आपटल्याचा आवाजच आला नाही. मथुराला भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. पदर कुणी ओढत नव्हतं. पुढच्याचं पाऊल आणि आपलं पाऊल, याखेरीज डोक्यात काही नव्हतं. बाळ झाल्यापासून प्रथमच ती इतका वेळ चालली आणि एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

हाक आली ती शिवबाईची. आधी दखनीत, अहदूला. मग मराठीत.

"वैनीसाब, प्वार उटंना!"

दोरात बांधलेल्या माणसाला धावता येत नाही. धावायला गेलेल्या मथुरामुळं हिंदुराव गुडघ्यावर आपटले; अहदूनं कुऱ्हाड बर्फात रोवून दोर ताणून धरला आणि रागानं काहीतरी म्हणाला. ज्या पायऱ्यांवरून आले त्याच पायऱ्यांवरून, एकेक पाऊल टाकत परत यावं लागलं. तेवढ्या वेळात मथुरानं ज्या देवांची नावं घेतली, त्यांतले निम्मे तिच्या सासूबाईंचे होते.

डॉक्टरांनी महीपतीची पापणी वर केली. डोळ्यातली काळी बाहुली मोहरीएवढी झाली होती; अफूचीच ती खूण. ते एकदम शिवबाईवर वळले आणि काय दिलंस म्हणून विचारलं. मी कायबी दिलं न्हाय, असं ती म्हणाली. गिरणीतल्या बायकांच्या युक्त्या मला नव्या नाहीत, असं म्हणून डॉक्टरांनी तिची कमरेची पिशवी सगळ्यांपुढं दगडावर उलटी केली. सुपारी आणि चुनाळं निघालं.

"डबी वैनीसाबनी सोलापुरातच घेतली की," शिवबाई म्हणाली. "त्यांस्नी इचारा."

हिंदुरावांनी मथुराकडं पाहिलं.

"मी ती तेव्हाच फेकून दिली होती," मथुरा म्हणाली.

शब्द तोंडातून किती सहज गेले. पाठ केलेल्या भाषणासारखे.

मग बोलायला कुणाला सवड नव्हती. थंड पाणी तोंडावर, तळपायांवर चापट्या, तंबूत आल्यावर कोरी कॉफी चमच्या-चमच्यानं. शिवबाई त्याला उभं धरून हालवत होती, नावानं हाका मारत होती. तिला दूर करायचं कुणाच्या लक्षातही आलं नाही. ऊन पलीकडच्या डोंगरावर चढलं तेव्हा महीपतीनं तोंड वाकडं केलं आणि मोठ्यानं रडायला लागला. त्या रडण्यानं हिंदुरावांचे डोळे भरून आले. आता धोका नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

धोका टळल्यावर लगेच न्याय झाला. हिंदुरावांनी अहदूला सकाळी एक तट्टू आणायला सांगितलं. शिवबाईनं तट्टूवाल्याबरोबर श्रीनगरला उतरायचं आणि तिथून आपलं आपण सोलापूर गाठायचं. शिवबाईनं ते ऐकून घेतलं. आपलं गाठोडं बांधताना ती मथुराला म्हणाली, "एवढ्या मुलखातनं एकटी कशी जाऊ मी? आन् गावात तुमी हेच सांगणार. मग कोन पोराला हात लावू देईल?"

ती रडत नव्हती. खरोखरच विचारत होती.

मथुरा पेटीकडं गेली. डबी पदराखाली घेऊन तंबूमागं हिंदुरावांना गाठलं आणि त्यांच्या हातावर ठेवली. गाडीतलंही सांगितलं. हिंदुराव डबीचं झाकण अंगठ्यानं घासत राहिले. मग ते डॉक्टर बसले होते तिकडं गेले. मथुरा मागोमाग गेली.

"डबी सापडली," हिंदुराव म्हणाले.

"मी म्हटलंच होतं," डॉक्टर म्हणाले. "या बायकांच्या गाठोड्यात..."

गाठोडं बाजूला ठेवून शिवबाई तिथंच बसली होती, महीपतीला मांडीवर घेऊन. तिनं मान वर केली. हिंदुराव तिच्याकडं बघत नव्हते. आपल्या बायकोला झाकण्यासाठी त्यांनी पदर ओढला होता. तो कुणाच्या अंगावरून ओढला, हे मथुराला दिसत होतं. गप्प राहिलं तर सकाळी शिवबाईला घेऊन तट्टू जाईल.

"माझ्या पेटीत सापडली," ती म्हणाली. "गोळी मी दिली. आज मी दिली, गाडीतही मीच."

डॉक्टर चहाच्या पेल्यात बघू लागले. हिंदुराव हळूच म्हणाले, "आत जा." मथुरा गेली नाही. शिवबाईला यातलं काही ठाऊक नव्हतं, असंही तिनं सांगून टाकलं.

"व्हतं की ठाऊक," शिवबाई म्हणाली. "गाडीत पोराच्या तोंडाला वास येत व्हता. बोलले न्हाय. बोलून कोन ऐकनार व्हतं?"

अहदूला भांडण कळलं नव्हतं. सकाळी तट्टू आणायचं ना, असं त्यानं शिवबाईलाच विचारलं. तिनं वकिलांकडं पाहिलं नाही की डॉक्टरांकडं.

"नक्को," ती म्हणाली.

मग महीपतीला कडेवर घेऊन उठली आणि मथुराला म्हणाली, "फेकते म्हनाला व्हता न्हवं? आता माज्या म्होरं फेका."

तंबूंच्या खाली ओढा होता, त्याच हिमनदीतून आलेला. मथुरा पुढं आणि शिवबाई मागं. वरून सगळे बघत होते. मथुरानं डबी लांब भिरकावली. डबी बुडाली नाही. झाकण घट्ट होतं. ती पाण्यावर गरगरली, काठाकडं वळली आणि दोन दगडांच्या बेचक्यात येऊन टकटक वाजत राहिली.

"उघडून टाकायची, वैनीसाब," शिवबाई म्हणाली.

मथुरानं लुगडं आवरलं आणि पाण्यात पाय घातला. गारठ्यानं पोटरीपर्यंत कळ गेली. वाकून तिनं डबी उचलली, झाकण नखानं वर केलं, आणि तो वास तिच्या नाकाशी आला. आईला ओढ्यात उभी पाहून महीपतीनं तिच्याकडं हात पसरले. शिवबाईनं त्याला दिलं नाही. आधी सगळ्या गोळ्या पाण्यात पडेपर्यंत ती काठावर उभी राहिली.