दुसरबीडची रेल्वे आन् पेट्रोलची शिशी

पैज लागली इंद्रभानच्या हॉटेलात, चहा उकळेपर्यंतच्या वेळात. तेवढाही वेळ कडूबाला गप्प बसवत नसे.

"महादेवराव, तुमची ती रेल्वे पन्नास फेरे बिना थांबता मारूच शकत नाही."

महादेवरावांनी तपकिरीची डबी खटकन मिटली. भुसावळच्या इंजिन-शेडात तीस वर्षं फिटर म्हणून हात काळे करून ते पेन्शनीवर दुसरबीडला परतले होते. येताना घेऊन आले होते एक खेळण्यातली रेल्वे, शेडच्या साहेबानं जाताना दिलेली. वीतभर इंजिन, चार डबे, गोल जोडायचे पत्र्याचे रूळ. ट्रकच्या जुन्या बॅटरीला दोन तारा लावल्या की गाडी सुटायची. महाराष्ट्र होऊन तीन वर्षं झाली होती, लाइटीचे खांब सडकेपर्यंत आले होते, पण रेल्वेचा रूळ काही गावानं पाहिला नव्हता. म्हणून बाजाराच्या दिवशी महादेवरावांच्या ओट्यासमोर ही गर्दी.

"पन्नास काय लेका, शंभर मारन!"

"पन्नासच मारा. येत्या बाजाराले, सगळ्यायसमोर. थांबली तं तुमी ओट्यावर उभं राहून म्हनाचं, दुसरबीडले रेल्वे जन्मात येनार नाही."

हे बरोबर दुखऱ्या जागी बसलं. गावाला रेल्वे पाहिजे म्हणून महादेवराव दर महिन्याला सरकारला एक अर्ज धाडत.

"अन् पन्नास झाले तं?"

"तं मी डोक्शावर तेलाचा पिपा बांधून इंजिन होतो. भर बाजारात तीन फेरे. शिटी सुदिक मीच मारतो."

"लागली!" इंद्रभाननं गाळणी आपटली. "मी पंच."

कडूबाचं सायकलीचं दुकान होतं, वय पंचेचाळीस, आणि डावी भुवई अर्धीच. खोड्या मात्र पुऱ्या. मागच्या पोळ्याला त्यानं यष्टी आज वरच्या सडकेनं जाणार म्हणून अख्खं गाव दोन तास वरच्या सडकेला उभं केलं होतं, आणि स्वतः खालच्या सडकेनं खिडकीत बसून हात हलवत गेला होता. तेव्हापासून कडूबा बोलला की लोक त्याच्या उलटं धरत.

आता असा माणूस पैज नशिबावर सोडणार होय? दुसऱ्याच दिवशी भर दुपारी, महादेवराव आडवे झालेले आणि त्यांच्या कौशल्याबाई मागच्या अंगणात कुरडया वाळवत असताना, कडूबा "वैनी, थंडं पानी घेतो बरं" म्हणत माजघरात शिरला. रूळ तिथंच मांडलेले असत. जवसाच्या तेलात बुडवलेलं बोट त्यानं गोल फिरवलं. एकच फेरा. बाहेर येऊन मिशीला पुसलं.

जवसाचं तेल मोठं लबाड. वाळलं की तुपासारखं दिसतं आणि डिंकासारखं धरतं. दोन दिवसांत त्यावर सडकेची धूळ बसली. गाडी वीतभर जायची, कण्हायची, थांबायची. महादेवरावांनी घासलेटनं रूळ घासघास घासले. रूळ चमकायचे, पण वर एक पातळ साय राहायची आणि करंट काही चाकापर्यंत जायचा नाही.

कडूबा ओट्यावर बसून मजा पाहत होता. "घासलेटानं कायचं निघते, महादेवराव! याले पेट्रोल पाह्यजे, पेट्रोल. हात फिरोला की साफ. पन आता ते दुसरबीडात कोठून आनता?"

आणि हसत हसत घरी गेला.

बाजाराच्या आदल्या दिवशी तो मेहकरला ट्यूबा आणायला गेला. परतीच्या यष्टीत चढला, मागं बसला, आणि नाकाला वास लागला. गोडसर, थंड. कडूबा ताडकन उठला. पुढच्या बाकावर महादेवराव. मांडीवर पिशवी. पिशवीतून सरबताच्या शिशीचं नरडं बाहेर आलेलं, त्याला कागदाचा बोळा.

"महादेवराव, हे काय हो?"

"पेट्रोल. तूच तं सांगतलं." म्हातारा खुशीत होता. "पंपावाला द्याले तयार नाही. म्हने, झाकनाचा पत्र्याचा डबा आना, काचीच्या शिशीत देत नाही. मंग एका ट्रकवाल्याले गाठलं."

"अहो, तो बरोबर बोलला! यष्टीत हे नेतच नाहीत. चला, उतरा खाली. आपुन पत्र्याचा डबा घेऊ, बैलगाडीनं जाऊ."

"उतरतो? म्हंजे उद्या पैज तुही?" महादेवराव खो खो हसले. "कोनाले शिकोतं बे? तीस वर्षं शेडात घासलेटानं इंजिनं धुतली मी. हे त्याचाच भाऊ."

"भाऊ नाही हो ते! घासलेटात काडी टाकली तं कदीकदी इझून जाते. हे काडीची वाटच पाहून राह्यते!"

"हाव हाव. अन् यष्टी वरच्या सडकेनं जाते."

कडूबा कंडक्टरकडं गेला. कंडक्टरनं तिकिटाची पेटी छातीशी धरली. "कडूबा, मागच्या बारीले तू चेकिंग आलं म्हनून मले घाम फोडला होता. बस खाली."

मग काय करणार? महादेवरावांच्या शेजारच्या पागोटेवाल्यानं कानामागची बिडी काढली. कडूबा झेपावला.

"पाहुने, नोको! पुढं चेकिंग हाय, बिडीले दंड हाय!"

पागोटेवाल्यानं बिडी ठेवली. तोच पलीकडच्यानं काडी काढली. कडूबानं त्याची पेटीच उचलली. "द्या बरं, मले कान कोराचा हाय." आणि खिडकीतून बाहेर. सुलतानपूर येईस्तोवर त्यानं चार बिड्या पेटू दिल्या नाहीत आणि आठ शिव्या खाल्ल्या. सडक खड्ड्याची, दर खड्ड्याला शिशी पिशवीत टणटण वाजायची. शर्यत लावून पुरात पोहणारा माणूस, पण त्या दिवशी त्याला बाकावर बसवेना, उभंही राहवेना.

दुसरबीड आलं. शिशी शाबूत. महादेवराव ऐटीत घराकडं निघाले.

कडूबा दुकानात बसला. एका चाकात हवा भरली, मग त्याच चाकात पुन्हा भरली. ट्यूब फाटली. उठला, सडकेपर्यंत गेला, परत आला. आता तर माणूस घरी पोचला, मग जीव काऊन खाली येत नाही? वारा सुटला होता, सडकेची धूळ उडत होती. म्हणजे म्हातारा धूळ नको म्हणून दारं-खिडक्या लावून आत घासत बसणार. लावू दे. चूल लांब मागच्या पडवीत आहे, आत जाळ नाही. मग?

समोरच्या घरात पहिला दिवा दिसला आणि कडूबाच्या डोक्यात लख्ख पडलं. दिवेलागण! या वेळेला गावातली प्रत्येक बाई देवापुढं दिवा लावते आणि तोच हातात घेऊन खोलीखोलीत दाखवत फिरते. लक्ष्मीला अंधारी खोली चालत नाही. कौशल्याबाई एकही खोली सोडत नसत.

तो पळाला. एक चप्पल इंद्रभानच्या दाराशी राहिली.

अंगणात शिरला तर वास दारापर्यंत आलेला. माजघराचं दार ओढून घेतलेलं. आणि पलीकडून, देवघरातून, पदर सावरत, दिव्याला तळव्याचा आडोसा करून कौशल्याबाई येत होत्या. माजघर सात-आठ पावलांवर.

"वैनी, थांबा! तिकडं जाऊ नोका!"

"कडूभाऊ, आज कोनतं सोंग आनलं?" त्या चालत राहिल्या.

बोलायला वेळ नव्हता. कडूबा आडवा गेला आणि फूऽऽ करून दिवा विझवला.

कौशल्याबाईंच्या तोंडून जी किंकाळी निघाली ती सडकेवर ऐकू गेली. "अवो धावा! तिन्हीसांजेले माह्या हातातला दिवा इझवला मेल्यानं! माह्या घरावर कायले उठला रे तू!"

शेजारी धावले. इंद्रभान कडूबाची चप्पल घेऊन आला. माजघराचं दार उघडून महादेवराव बाहेर, हातात ओला फडका, आणि त्यांच्या मागून तो गोड, थंड वास अंगणात पसरला.

"कडूबा, खोडीलेही काही हद्द हाय का नाही?" महादेवराव ओरडले. "लाव वो, दिवा पुन्ना लाव. कोनाकडं काडी हाय?"

इंद्रभानचा हात खिशाकडं गेला.

"नोको!" कडूबानं त्याचं मनगट धरलं. "त्या खोलीत पेट्रोलची वाफ भरली हाय. काडी ओढली तं घर जाईन!"

"चाल बे," इंद्रभान म्हणाला. "तुह्यावर कोन इस्वास ठेवीन?"

कोणीच ठेवणार नव्हतं. कडूबानं सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं. मग मनगट तसंच धरून म्हणाला,

"मी हरलो. पैज हरलो मी. रुळाले जवसाचं तेल मीच लावलं होतं."

कडूबा खोटं बोलतो हे सगळ्यांना माहीत होतं. पण कडूबा आपणहून हरतो, हे कोणी पाहिलं नव्हतं.

"हे पाहा." त्यानं अर्धी भुवई पुढं केली. "सायकलीची साखळी परातीत धूत होतो, पेट्रोलात. चूल पाच हात दूर, दाराच्या भाईर. पेट्रोल तिकडं गेलं नाही, वाफ गेली. जमिनीवरून सापासारखी सरकत गेली, अन् जाळ घेऊन वापस आली. तवापासून दुकानात थेंब ठेवत नाही मी."

इंद्रभाननं काड्यापेटी खिशातून काढून लांब शेजारणीकडं फेकली.

महादेवराव मागं वळून खोलीकडं पाहत राहिले. आत परातीत अर्धी शिशी ओतलेली होती. "म्या तं घासल्यावर लगेच गाडी चालून पाहनार होतो," ते हळूच म्हणाले. चाकाखाली कशी निळी ठिणगी उडते हे त्यांच्याएवढं कोणाला माहीत?

मग दारं-खिडक्या सताड उघडल्या. परात आणि उरलेली शिशी अंधारात चाचपडत अंगणाच्या पार टोकाला नेली. त्या रात्री त्या घरात दिवा नाही, चूल नाही. सगळे इंद्रभानच्या हॉटेलात जेवले, आणि कौशल्याबाई कडूबाशी एक शब्द बोलल्या नाहीत.

सकाळी उन्हात काम झालं. कडूबानं घट्ट फिरकीच्या झाकणाचा पत्र्याचा डबा आणला, शिशीत राहिलेलं त्यात भरलं, वर चार बोटं जागा सोडून. बॅटरीच्या तारा काढून बॅटरी ओट्यावर ठेवली. ओतायचं नाही, फडक्याचा कोपरा नुसता ओला करायचा आणि डबा लगेच बंद. एक रूळ पुसला की दुसरा. तेलकट फडके गोळा करून कोपऱ्यात न टाकता एकेक करून कुंपणावर पसरले. मग दोघं नुसते बसले. महादेवरावांना धीर निघेना, दर पाच मिनिटांनी ते वाकून रुळाचा वास घेत.

"आता?"

"अजून नाही."

"आता?"

"तुमी शेडात तीस वर्षं कसे काढले हो?"

वास पुरता गेला तेव्हा बाजार भरला होता. डबा महादेवरावांनी घरापासून लांब, गोठ्यामागच्या सावलीत ठेवला आणि त्याला शेडातली लाल झेंडी बांधली.

गाडी सुटली. अख्खा बाजार मोजत होता. पन्नासाव्या फेऱ्याला महादेवरावांनी थांबवलीच नाही, अठ्ठावन्न झाले.

इंद्रभान पिपा घेऊन आला, तळ फोडून आरपार केलेला. पाठोपाठ त्याच्या हातात धुमसती गोवरी. "इंजिनातून धूर पाह्यजे न बे!"

कडूबानं पिप्यात नाक खुपसून हुंगलं. मग पुन्हा हुंगलं.

"तेलच होतं बे, करडईचं!"

"मले इस्वास नाही तुह्यावर," कडूबा म्हणाला. गोवरी परत गेली.

महादेवरावांनी हिरवी झेंडी दाखवली. कडूबा पिपा बांधून, कोपर हलवत, कूऽऽ करत मिरचीच्या ढिगांतून, बांगडीवाल्यांसमोरून, बैलांच्या दावणीजवळून निघाला. पहिला फेरा, दुसरा, तिसरा. धापा टाकत ओट्याशी आला आणि पिप्याची दोरी सोडायला लागला.

"थांब," कौशल्याबाई दारातून म्हणाल्या. आदल्या संध्याकाळपासूनचा त्यांचा पहिला शब्द. "तीन पैजेचे झाले. माह्या दिव्याचा राह्यला."

कडूबानं दोरी पुन्हा आवळली आणि शिट्टी मारली.