कुंडीतला चिखल

"झाडं काय उशाशी घेऊन झोपायची असतात? उद्या म्हैस बांधशील!" सासूबाई दारात पुटपुटल्या. शिवणकाम करणाऱ्या सूनबाई, म्हणजे टेलरबाई, अगदी खेटून उभ्या होत्या म्हणून ते पुटपुटणं म्हणायचं; ऐकू मात्र जिन्यापर्यंत गेलं.

टेलरबाईंनी कुंडी लेकीच्या रिकाम्या खोलीत ठेवली. लेक दूरच्या शहरात नोकरीला गेली, तिथंच तिनं लग्न करून घरही घेतलं, तरी इथली तिची चादर नेमानं बदलली जायची. घरातली सगळ्यात उजेडाची खोली ती. टेलरबाई मात्र स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भरदिवसा दिवा लावून काजं करायच्या. खोली मागायची कोणत्या तोंडानं? मागितली की पुढचंही बोलावं लागणार, आणि ते घरात कुणीच बोलत नव्हतं. म्हणून त्यांनी झाडाला पुढं केलं. आधी झाड शिरेल, मागोमाग शिवणमशीन.

निवड त्यांनी नीट पारखून केली होती. वासाचं फूल नको, डोकं धरतं. रुंद पानांचं नको, धूळ पुसत कोण बसणार? स्नेक प्लांट घेतलं. ताठ पानं, ना वास ना पसारा, पाणी तर नावाला.

"सवत आणायचीच असेल तर अशी आणा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "मागत नाही, बोलत नाही."

तरी थोड्याच दिवसांत पानं बुडाशी लिबलिबीत झाली. मातीत बोट खुपसलं तर चिखल. टेलरबाईंनी कुंडी थेट जेवणाच्या टेबलावर आणून आदळली.

"कुणी पाजलं हिला?"

"मी कशाला जाते तिकडं?" सासूबाई म्हणाल्या. मग पदर सारखा करत, "जाता-येता तांब्याभर घातलं असेल. पोरीच्या खोलीत झाड तहानलेलं ठेवायचं?"

नवऱ्यानं पेपर खाली केला. "मीही घालतो. सकाळी जरा बसतो तिथं."

"अरे देवा! चोरून जाता, तेही दोघं!"

त्यांनी झाड उपटलं, स्वयंपाकघरातली कात्री घेतली (कापडाच्या कात्रीला त्या कागदसुद्धा लावू देत नसत) आणि सडका भाग कापून टाकला. एक पान धड निघालं.

"आता ह्याचा काप चांगला सुकू द्यायचा, मग पान कोरड्या मातीत खोचायचं. जगेल. फक्त माया आवरा."

"ठेवू कुठं?" नवऱ्यानं पान हातात घेतलं.

"तिच्या खिडकीत. आणि तिथंच मला..." एवढं बोलणाऱ्या टेलरबाई, पण नेमकं इथं अडल्या.

नवरा पानाकडे बघत राहिला. "सुट्टीत आली तर तिला जागा..."

"पुरे रे!" सासूबाई खुर्चीला हात टेकून उठल्या. "पोरगी आता पाहुणी म्हणून यायची, राहायला नाही. ऊठ, तिच्या पलंगाचं एक टोक धर, खिडकीशी मशीन बसू दे."